कच्छच्या रणात उपग्रहाची तपासणी

31 ऑक्टोबर 2018 ला महाराष्ट्र सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मी तेव्हा पुण्यात सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) शिकत होते, आणि दुष्काळ नेमका कसा ठरवतात हे त्या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचलं. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरणी, जमिनीतली ओल आणि पाणीसाठे यांच्या जोडीला उपग्रहावरून मोजलेला पिकांचा हिरवेपणाही विचारात घेतात. त्यासाठीचा एक निर्देशांक म्हणजे एनडीव्हीआय. निकट अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) आणि लाल प्रकाशाच्या परावर्तनांची वजाबाकी करायची आणि तिला त्यांच्याच बेरजेने भागायचं. यंदाचा आकडा मागच्या वर्षांशी ताडून पाहिला की पिकं किती मागे पडलीत ते कळतं.

आमच्या मॅडमनी फळ्यावर एक छोटं गणित मांडलं. शेताचं अवरक्त परावर्तन, म्हणजे पडलेल्या उजेडातला परत फिरणारा वाटा, 0.40 आणि लाल 0.10 असेल, तर एनडीव्हीआय येतो 0.60. आता समजा, उपग्रहाच्या सेन्सरचा अवरक्त प्रकाश मोजणारा पट्टा काही वर्षांत पाच टक्क्यांनी मंद झाला. 0.40 च्या जागी तो 0.38 वाचणार, आणि निर्देशांक येणार 0.58. "पीक तेच आहे, पाऊस तोच आहे, आकडा खाली आला," त्या म्हणाल्या. "हे शेतात झालं की वर झालं, हे कसं ओळखाल?"

या प्रश्नापायी मी कच्छच्या रणात गेले.

सेन्सर उडण्याआधी प्रयोगशाळेत कसून तपासलेला असतो. पण उड्डाणाचे हादरे, निर्वात पोकळी, अतिनील किरण, आतल्याच भागांतून सुटून आरशांवर बसणाऱ्या वाफांचे थर या सगळ्यांनी त्याची नजर हळूहळू बदलते. बहुतेक वेळा निळा पट्टा आधी खालावतो. काही उपग्रहांवर तपासणीची सोय सोबतच असते. अमेरिकेच्या लँडसॅट-8 या उपग्रहाच्या ओएलआय या सेन्सरवर सूर्यप्रकाश पसरवणारे पांढरे फलक आहेत, दिवे आहेत, शिवाय तो ठरावीक काळाने चंद्राकडेही वळवला जातो. पण फलकही उन्हात म्हातारा होतो आणि दिवाही. म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो. जमिनीचा एक तुकडा निवडायचा, उपग्रह वरून जाताना तो आपण खालून मोजायचा, मधल्या हवेचा हिशेब करायचा आणि दोन्ही आकडे समोरासमोर ठेवायचे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात फिलिप स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथल्या जिप्समच्या पांढऱ्या वाळूवर ही पद्धत बसवली. आजही सगळीकडे तिचीच सुधारलेली रूपं वापरतात.

जागा कशी हवी, याची यादी लांबलचक आहे. सपाट हवी, उजळ हवी, मैलोन्‌मैल एकसारखी हवी, वर ढग कमी हवेत. शक्यतो उंचावर हवी, म्हणजे वरची धुळीची हवा पातळ मिळते. नेवाडातलं रेलरोड व्हॅली, फ्रान्समधलं ला क्रो, नामिबियातलं गोबाबेब आणि चीनमधलं बाओतोऊ इथे आता स्वयंचलित उपकरणं आहेत, आणि रॅडकॅलनेट या जाळ्यातून त्यांचे आकडे जगभर मिळतात. आपल्याकडे इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने याच कामासाठी कच्छचं मोठं रण वापरलं आहे. रण उंचावर मुळीच नाही, जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. पण पावसाळ्यात त्यात पाणी भरतं, हिवाळ्यापर्यंत ते आटतं आणि मागे मिठाचा पांढरा थर उरतो. उजळपणा आणि सपाटी या दोन बाबतींत त्याला तोड मिळणं कठीण आहे.

आम्ही लँडसॅट-8 निवडला, याचं कारण सरळ होतं. ओएलआयच्या परावर्तनातली अनिश्चितता तीन टक्क्यांच्या आत असल्याचं आधीच तपासलेलं आहे. म्हणजे ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते गणित आधी सोडवायचं. आपली पद्धत तिथे बरोबर ठरली, की मग रिसोर्ससॅटसारख्या भारतीय उपग्रहाच्या सेन्सरकडे वळायचं. मॅडमचा हा क्रम मला आजही पटतो. स्वतःची मोजपट्टी तपासल्याशिवाय दुसऱ्याचं माप काढू नये, आणि या क्षेत्रात घाई करणारे नेमके इथेच अडकतात.

निघण्याआधीचं निम्मं काम संगणकावर झालं. मागच्या काही हिवाळ्यांतल्या प्रतिमा उघडून रणातल्या खडीर बेटाच्या आसपासचे पांढरे पट्टे चाळले. प्रत्येक ठिकाणी पिक्सेलची छोटी चौकट घेऊन सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, काढलं. डोळ्यांना सगळं पांढरंच दिसतं. आकड्यांत मात्र कुठे जुन्या प्रवाहाची रेघ उमटते, कुठे ओलसर गाळाचा डाग, कुठे गाड्यांच्या चाकोऱ्या. जिथे विचलन सरासरीच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नव्हतं, असे मोजकेच तुकडे हाती लागले. त्यातही पक्क्या जमिनीपासून चालत पोचता येईल असे आणखी कमी. मग परवानग्या. हा सीमेलगतचा भाग आहे. प्रत्येकाचं ओळखपत्र, गाडीचा क्रमांक, उपकरणांची यादी, कोणतं उपकरण काय करतं याचं साध्या भाषेतलं वर्णन, सगळं आधी द्यावं लागलं. सीमा सुरक्षा दलाच्या चौकीवर जवानांनी पेट्या उघडून पाहिल्या. एकाने मन लावून विचारलं की मिठाचा रंग मोजून पिकाचं काय कळणार. मॅडमनी त्यांना तिथेच उभ्याउभ्या 0.60 आणि 0.58 चं गणित समजावून सांगितलं.

मुक्काम खडीर बेटावरच्या धोलावीराला होता. सोबत खडीरचे एक वाटाडे काका होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आमच्या नकाशावरचा एक तुकडा पाहून मान हलवली. "बेन, त्यां नहीं, हजी भीनुं छे," म्हणाले. वरचा थर कोरडा दिसतो, खाली चिखल आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. काकांनी काठी टेकवली तेव्हा कडक पापुद्रा फुटला आणि खालून काळपट गाळ वर आला. आमच्या प्रतिमांत तो तुकडा सगळ्यांत एकसारखा दिसत होता. एकसारखा तो होताच, पण एकसारखा ओला होता. आम्ही त्याच्या पूर्वेचा तुकडा घेतला.

लँडसॅटचा पिक्सेल 30 मीटरचा असतो. आम्ही तीन गुणिले तीन, म्हणजे 90 मीटर बाजूचा चौकोन जीपीएसने आखला. कोपऱ्यांना छोटे झेंडे रोवले आणि आत कुणीही पाऊल टाकायचं नाही असा नियम केला. बुटाखाली मिठाचे खडे चुरडले की त्यांचं परावर्तन बदलतं. एकदा तुडवलेली जागा पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते. मोजणारा माणूस ठरलेल्या रेषांवरूनच जाणार, आणि पावलं आधीच्या पावलांवरच पडणार.

लँडसॅट त्या भागावरून सकाळी सव्वाअकराच्या सुमारास जातो. तयारी पहाटे सुरू होते. स्पेक्ट्रोरेडिओमीटर नावाचं मुख्य उपकरण पाठीवरच्या पिशवीत बसतं आणि त्यातून निघालेला प्रकाशतंतू हातातल्या पिस्तुलासारख्या मुठीत येतो. 350 ते 2500 नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचा प्रकाश ते मोजतं. आत तीन वेगवेगळे शोधक असतात. उपकरण पुरेसं तापून स्थिर झालं नसेल, तर आलेखात 1000 आणि 1800 नॅनोमीटरपाशी, जिथे एका शोधकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, तिथे पायरी दिसते. म्हणून ते अंधारातच चालू करून ठेवायचं आणि पायरी नाहीशी होईपर्यंत वाट पाहायची.

दुसरी मौल्यवान वस्तू म्हणजे पांढरा संदर्भ फलक. स्पेक्ट्रॅलॉन नावाच्या पदार्थाचा, वहीच्या पानाएवढा. दृश्य प्रकाशातला जवळजवळ सगळा उजेड तो सगळ्या दिशांना सारखा परत पाठवतो. मिठाचं परावर्तन काढायचं म्हणजे मिठावरून आलेल्या उजेडाला या फलकावरून आलेल्या उजेडाने भागायचं. त्यामुळे फलकावर बोटाचा ठसा उमटला तर तो दिवसभराच्या प्रत्येक आकड्यात उमटतो. फलक तिपाईवर पाणसळीने समतल करायचा, वापर नसेल तेव्हा झाकायचा. त्याच्याजवळ जाताना गडद कपडेच घालायचे, कारण पांढरा सदरा स्वतःच उजेड फेकतो. रणातली मिठाची बारीक धूळ फलकावर बसतेच. मुक्कामावर परतल्यावर वाहत्या पाण्याखाली धरून बारीक पॉलिश पेपरने तो हलका घासायचा. इतका महागडा पृष्ठभाग घासायचा म्हणताना माझा हात थबकला होता. पण त्याचा तोच पदार्थ आतपर्यंत असतो. वरचा मळका थर गेला की खालून तसाच पांढरा निघतो.

हवेचं माप माझ्याकडे होतं. सनफोटोमीटर हातात मावतो. सूर्यावर रोखायचा, खिडकीतला तेजस्वी ठिपका वर्तुळाच्या मध्यावर आणायचा आणि हात स्थिर ठेवून बटण दाबायचं. सूर्याचा उजेड वाटेत किती गळाला यावरून हवेतल्या धूलिकणांची दाटी कळते, आणि 940 नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यावरून पाण्याची वाफ. दर खेपेला लागोपाठ तीन वाचनं घ्यायची. ठिपका मध्यावरून जरा सरकला किंवा विरळ ढग आडवा आला, तर दाटी खोटी वाढते. म्हणून तिघांतलं सगळ्यांत कमी वाचन धरायचं. उगवतीपासून उपग्रह जाऊन तासभर होईपर्यंत हे चालू. सोबत हवेचा दाबही टिपायचा, कारण हवेच्या रेणूंमुळे उजेड किती विखुरतो ते दाबावर ठरतं.

पहिल्या खेपेला आकाश निळंभोर होतं. वारा पडलेला, सनफोटोमीटरची वाचनं एकसारखी, आम्ही सगळेच खूश होतो. सव्वाअकराच्या आसपास ठरलेल्या रेषा चालून झाल्या. काही दिवसांनी प्रतिमा उतरवली आणि सवयीप्रमाणे आधी नववा पट्टा उघडला. ओएलआयचा हा पट्टा 1.37 मायक्रोमीटरच्या आसपास आहे. तिथला उजेड खालच्या हवेतली वाफ शोषून घेते, त्यामुळे जमीन जवळपास दिसतच नाही. दिसतात ते फक्त फार उंचावरचे बर्फकणांचे ढग. आमच्या तुकड्यावर त्या पट्ट्यात फिकट धूसर पदर पसरलेला होता. डोळ्यांना तो जाणवलाच नव्हता. मॅडमनी ती सगळी मोजणी बाजूला ठेवली. मला वाईट वाटलं, पण दुरुस्ती लावून आकडे वापरू या, असं कुणी सुचवलंसुद्धा नाही. लँडसॅट-8 त्याच जागेवरून 16 दिवसांनी पुन्हा येतो. आम्ही तोवर थांबलो.

त्या मधल्या काळात जे केलं, ते मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. चौकोनाबाहेर मिठाचा एक ठिपका आम्ही पक्का ठरवला आणि प्रकाशतंतू तिपाईवर बांधून सकाळभर फक्त त्यालाच मोजत राहिलो. फलक, मीठ, फलक, मीठ. मुठीवर भिंग न लावता उघडा तंतू साधारण 25 अंशांचा शंकू पाहतो. मीटरभर उंचीवरून जमिनीवर सुमारे 44 सेंटिमीटरचं वर्तुळ पडतं. दृश्य पट्ट्यात या वर्तुळाचं परावर्तन सकाळभर फारसं हललं नाही. सूर्य चढेल तसा जो थोडा फरक पडला, तो मिठाच्या खडबडीतपणामुळे. 1600 आणि 2200 नॅनोमीटरच्या आसपास मात्र आकडा तासागणिक वर सरकत होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. शुद्ध मिठाचा स्फटिक या तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला जवळपास पारदर्शकच असतो. तिथला उजेड गिळतं ते पाणी. स्फटिकांत अडकलेलं, खालच्या गाळातून चढलेलं आणि रात्रीच्या दमट हवेतून मिठाने ओढून घेतलेलं. पहाटे बोटाला चिकटणारं मीठ अकरा वाजेपर्यंत कोरडं कुरकुरीत होतं, आणि त्या वाळण्याची नोंद आमच्या आलेखात सरळ उतरत होती. ढगामुळे एक खेप वाया गेली नसती, तर हे इतक्या निवांतपणे पाहायला मिळालं नसतं. यावरून मोजणीची वेळ बदलली. आधी आम्ही दहापासून चौकोन चालणार होतो. आता उपग्रहाच्या वेळेच्या आगेमागे जेमतेम वीस मिनिटांतच सगळ्या रेषा उरकायच्या ठरल्या, आणि तो पक्का ठिपका त्याच वेळी दुसऱ्या माणसाने मोजत राहायचं. वाळण्याचा वेग त्यातून कळणार होता.

दुसऱ्या खेपेला मूठ माझ्या हातात होती. सूर्याकडे तोंड, म्हणजे सावली मागे पडते. हात शरीरापासून लांब ताणलेला, तंतू सरळ खाली. एक रेषा चालायची, फलकाकडे परत यायचं, फलक मोजायचा, पुढची रेषा. रेषेवर थांबायचं नाही. उपकरण आपलं आपण सलग वाचत असतं, आणि थांबलं की एकाच जागेला नको तितकं वजन मिळतं. पायाखाली मीठ करकरत होतं. शेजारी मॅडम घड्याळ पाहून मिनिटं सांगत होत्या. उपग्रह दिसत नाही, ऐकू येत नाही. "झाला," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी उरलेल्या रेषा चालत राहिले.

नववा पट्टा या वेळी स्वच्छ निघाला.

पुढचं काम पुण्यात. जमिनीवरचा आलेख सलग असतो, सेन्सर मात्र ठरावीक पट्ट्यांतून पाहतो. प्रत्येक पट्टा कोणत्या तरंगलांबीला किती दाद देतो, त्या वक्राने आमचा आलेख गुणून पट्टानिहाय परावर्तन काढलं. मग ते, सूर्य आणि उपग्रहाचे कोन, दाब, धूलिकण, वाफ आणि ओझोन हे सगळं सिक्स-एस या संगणक प्रणालीला दिलं. सूर्याचा उजेड हवेतून खाली येतो, मिठावर आपटतो आणि पुन्हा हवेतून वर जातो. या सगळ्या प्रवासाचा हिशेब ती करते आणि उपग्रहाच्या उंचीवर किती परावर्तन दिसायला हवं ते सांगते.

दुसरा आकडा प्रतिमेतून. लँडसॅटच्या पिक्सेलमधल्या अंकाला 0.00002 ने गुणायचं, 0.1 वजा करायचे आणि सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या साइनने भागायचं. समजा अंक 22000 आहे. गुणून, वजा करून येतात 0.34. जानेवारीत त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण 39 अंशांवर असतो, त्याची साइन 0.63. म्हणजे परावर्तन सुमारे 0.54. आमच्या चौकोनातल्या नऊ पिक्सेलचं हे गणित मी आधी हाताने कागदावर केलं, नंतर संगणकावर. आणखी एक सुधारणा लक्षात ठेवावी लागते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि पोचणारा उजेड वर्षाच्या सरासरीपेक्षा तीन टक्क्यांहून थोडा जास्त असतो. अंकावरून परावर्तनाऐवजी थेट उजेडाची तीव्रता काढणाऱ्याने हे विसरलं, तर शोधत असलेला फरक आणि ही चूक एकाच मापाची निघते.

हिरव्या, लाल आणि निकट अवरक्त पट्ट्यांत आमचा आकडा आणि ओएलआयचा आकडा तीन टक्क्यांच्या आत जुळले. निळ्यात फरक थोडा जास्त आला. तिथे हवेत विखुरलेल्या उजेडाचा वाटा मोठा असतो, आणि धूलिकण वाळवंटी धुळीचे मानायचे की धूर मिसळलेले, यावर उत्तर सरकतं. आम्ही दोन्ही मानून पाहिलं आणि दोन्ही उत्तरं अहवालात दिली. उजळ जमीन निवडण्याचा फायदा इथे दिसतो. काळ्या जमिनीवर धूलिकण वाढले की वरून दिसणारा उजेड सरळ वाढतो. पांढऱ्या जमिनीवर मात्र धूलिकण जितका उजेड वर फेकतात, जवळपास तितकाच ते जमिनीवरून येणारा उजेड अडवतात. त्यामुळे धुळीच्या मापातली चूक अंतिम आकड्यात पुष्कळ विरते.

अवरक्ताच्या लांब पट्ट्यांत, म्हणजे मीठ वाळत होतं तिथे, पहिल्या हिशेबात फरक मोठा दिसला. पक्क्या ठिपक्याच्या नोंदींवरून प्रत्येक रेषेचा आकडा उपग्रहाच्या क्षणाला आणून बसवला, तेव्हा तो फरक निम्म्याहून कमी झाला. तरीही या पट्ट्यांसाठी रणावर भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तिथे कोरडी वाळू हवी. जैसलमेरकडच्या उघड्या भागाचा विचार त्यासाठी व्हायला हवा, असं मी अहवालात लिहिलं.

मॅडमनी अहवालात सर्वांत जास्त वेळ घातला तो अनिश्चिततेच्या तक्त्यावर. फलकाच्या प्रमाणपत्रातली अनिश्चितता, उपकरणाची, चौकोनातल्या असमानतेची, धूलिकणांच्या गृहीताची, ओझोन आणि वाफेची. प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. आमची एकूण अनिश्चितता पाच टक्क्यांच्या जरा आत बसली. म्हणजे एका मोजणीच्या जोरावर कुठल्याही सेन्सरला तू तीन टक्के चुकतोस असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यासाठी दर हिवाळ्यात जावं लागेल आणि मोजण्या साठवाव्या लागतील.

रिसोर्ससॅटच्या एविफ्स सेन्सरचा पिक्सेल 56 मीटरचा आहे. त्यासाठी चौकोन बराच मोठा घ्यावा लागेल. एका माणसाला वीस मिनिटांत तो चालून होणार नाही, म्हणून दोन स्पेक्ट्रोरेडिओमीटर आणि एकमेकांशी ताडलेले दोन फलक लागतील. ती जुळणी सध्या चालू आहे. काकांना पाऊस संपल्यावर फोन करायचा आहे. कोणता तुकडा आधी वाळला, ते तेच सांगतील.